गावकूस, तटबंदी आणि बंकर : भिंतीच्या आत कोण?

'गावकुसाबाहेर' हा शब्द आपल्या भाषणांत, कवितांत, लेखांत इतक्या वेळा येतो की तो मुळात बांधकामाचा शब्द आहे हे आपण विसरून गेलो आहोत. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. कुठे दगडी, बहुतेक ठिकाणी पांढरीच्या मातीची. पेंढारी, लुटारू, शेजारच्या सरदाराचे स्वार यांच्यापासून गाव वाचावं म्हणून ती उभी केलेली असे. म्हणजे ती संरक्षणाची तटबंदीच होती, किल्ल्याची गरीब बहीण म्हणा. आणि तटबंदी आखताना पहिला प्रश्न कायम एकच असतो : आत कोण आणि बाहेर कोण?

महारवाडा बाहेर होता, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण त्या भिंतीच्या दरवाजावर पहारा कोण देत होतं? वेसकर. आणि वेसकर हे महार वतनातलं काम. रात्री वेस लावायची, सकाळी उघडायची, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची, परक्या माणसाची खबर पाटलाला द्यायची. ज्या भिंतीच्या आत त्याच्या बायकापोरांना जागा नाही, त्या भिंतीचा दरवाजा त्याने सांभाळायचा. हल्ला झाला तर पहिला वार कोणावर पडणार हे सांगायला युद्धशास्त्र शिकावं लागत नाही. गावाची सर्वांत बाहेरची संरक्षक फळी महारवाडा हीच होती. तिला फक्त भिंत नव्हती.

शौर्याच्या कथा आपल्याकडे भरपूर सांगितल्या जातात, आपल्याच लोकांकडूनही. शौर्य खरंच होतं. पण शौर्याची जागा नकाशात कुठे होती, हे कुणी विचारत नाही. आज मला नकाशाबद्दल बोलायचं आहे. मातीचं गावकूस, दगडी किल्ला आणि महायुद्धातला काँक्रीटचा बंकर, या तिन्ही नकाशांत माणसं कुठे बसवली होती, ते पाहू.

आधी किल्ला. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला. शिवकाळातल्या किल्ल्यांच्या शिबंदीबद्दल त्याने लिहिलं आहे की गडकऱ्यांत मराठे, रामोशी, महार, मांग असे सगळे होते आणि त्यांना पिढीजात जमिनी लावून दिलेल्या होत्या. रामोशी आणि महार यांचं काम बाहेरच्या चौक्यांवर. बातमी आणायची, वाटांवर नजर ठेवायची, चौकशी करणाऱ्याला चुकवायचं, शत्रूचे मागे राहिलेले लोक कापायचे. गडाच्या घेऱ्यात, डोंगराच्या अंगाखांद्यावर ज्या चौक्या असत त्यांना मेट म्हणत आणि तिथल्या माणसांना मेटकरी. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे शब्द आजही वाड्या-वस्त्यांच्या नावांत भेटतात.

आता हे लष्करी नजरेने वाचा. किल्ल्याचा खरा बचाव तटावर होत नाही, तटाच्या खाली होतो. शत्रू तटापाशी पोचला म्हणजे निम्मी लढाई हरलेली असते. त्यामुळे मेट हे किल्ल्याचे डोळे आणि कान. हे काम ज्यांच्याकडे, ते किल्ल्याचे सर्वांत महत्त्वाचे शिपाई. पण मुक्कामाची जागा पाहा : तटाबाहेर. शिवाजी महाराजांनी या लोकांना किल्ल्याच्या व्यवस्थेत घेतलं, जमिनी दिल्या, विश्वास टाकला, हे नाकारण्याचं कारण नाही, आणि पुढच्या पेशवाईशी त्याची तुलना केली की फरक ठळक दिसतो. तरीही गावकुसाचा नकाशाच डोंगरावर गेलेला होता.

पुरंदरची एक आख्यायिका पुण्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. शेंदऱ्या बुरूज बांधताना सारखा ढासळत होता. तो उभा राहावा म्हणून नाथनाक आणि त्याची बायको देवकाई यांना पायात जिवंत पुरलं, असं ती कथा सांगते. ती जशीच्या तशी घडली की नाही हा वेगळा वाद. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तटाच्या आत महाराला जागा देण्याची कल्पना करताना त्या समाजाला सुचलेली जागा कोणती? पाया. बुरुजाखाली चालेल, बुरुजावर नाही.

किल्ल्याच्या रचनेतली हुशारी मात्र कमी लेखू नका, कारण पुढे बंकरमध्ये तीच पुन्हा भेटणार आहे. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या मधे असा लपवला आहे की खालून येणाऱ्याला तो दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा माणूस दोन्ही बाजूंच्या माऱ्यात सापडलेला असतो. राजगडाच्या संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे. बाहेरचा तट पडला तरी आतला उभा. तटातल्या जंग्या, म्हणजे बंदुकीसाठीची भोकं, खालच्या बाजूला तिरप्या उतरवलेल्या असतात, कारण शत्रू खालून येतो. बचाव म्हणजे नुसती जाड भिंत नव्हे. शत्रूला कुठे उभं राहायला लावायचं आणि आपण कुठून मारायचं, याचं गणित म्हणजे बचाव.

आमच्या खानदेशातलं उदाहरण घ्या. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीहून (नावाबद्दल ज्याने त्याने काय ते समजावं) तापीच्या काठाने पूर्वेकडे गेलं की शिरपूर तालुक्यात थाळनेर लागतं. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. किल्ला तापीच्या काठावर, आणि त्याची ताकद दरवाजात : एकामागे एक असे पाच दरवाजे, मधे वळणावळणाची वाट. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपची इंग्रजी फौज तिथे आली. तोफा डागल्यावर बाहेरचे दरवाजे हातात आले, पण शेवटच्या दरवाजाच्या चिंचोळ्या जागेत गोंधळ होऊन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्याचा सूड म्हणून आतल्या शिबंदीची सरसकट कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिलं. शरण आलेल्या किल्लेदाराला फाशी दिल्याबद्दल इंग्लंडमध्येसुद्धा हिस्लॉपवर टीका झाली. तोफेपुढे जुना तट टिकत नाही, पण अरुंद दरवाजातला माणूस अजून टिकतो, हे थाळनेरने दाखवलं.

त्याच युद्धात, त्याच्या दोनच महिने आधी, १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी काय झालं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण एका तपशिलाकडे लक्ष वेधतो. कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीने मोकळ्या मैदानात लढाई दिली नाही. पेशव्यांचं प्रचंड सैन्य समोर पाहून ती कोरेगाव गावात शिरली. गावाला पडकं का होईना गावकूस होतं, मातीच्या आणि दगडी भिंतींची घरं होती, आणि दिवसभराची लढाई त्या भिंतींच्या आडून, घराघरांतून, गल्ल्यांतून झाली. म्हणजे गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं त्या दिवशी गावकुसाच्या आतून लढली. बाहेरून हल्ला करणारी फौज पेशव्यांची. दोनशे वर्षं या लढाईवर वाद चालू आहे, आकड्यांचा, हेतूंचा, देशभक्तीचा. नकाशा कसा एका दिवसापुरता उलटा झाला होता, ते मात्र कुणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दगड आणि वीट दोन्ही निकामी झाले. तोफगोळ्यात नवी स्फोटकं आली आणि युरोपने काँक्रीटकडे मोर्चा वळवला. बेल्जियममध्ये जनरल ब्रियालमाँने लिएज आणि नामूरभोवती १८८८ पासून किल्ल्यांची कडी बांधली. जमिनीत गाडलेले, त्रिकोणी, वर पोलादी घुमट. काँक्रीट भरपूर, पण आत सळई नाही. सिमेंटचं काम केलेल्या कुणालाही विचारा : काँक्रीट दाब सहन करतं, ताण नाही. ताण सळईने घ्यायचा. त्यातून तिथलं काम दिवसा चाले आणि रात्री थांबे. काल ओतलेला थर आणि आज ओतलेला थर एकजीव होत नव्हता. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनांनी ४२० मिलिमीटरच्या तोफा आणल्या. १५ ऑगस्टला लाँसँ किल्ल्याच्या दारूकोठारात गोळा गेला आणि किल्ला आतल्या माणसांसकट उडाला. ती बहुतेक माणसं आजही त्याच ढिगाऱ्याखाली आहेत.

या किल्ल्यांची आणखी एक चूक होती, आणि ती वाचून आपल्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल. संडास आणि स्वयंपाकघर मुख्य बांधकामात नव्हते. ते खंदकाच्या पलीकडच्या भिंतीत होते. गोळीबार सुरू झाला की खंदक ओलांडणं अशक्य. आत शेकडो माणसं, हवा खेळती नाही, तोफांचा धूर आत भरलेला, आणि घाणीचा निचरा नाही. काही किल्ले गोळ्यांनी पडण्याआधी हवेने पडले. नकाशा काढणाऱ्याने शिपायाच्या शरीराचा विचारच केला नव्हता. घाण 'बाहेर' ठेवली की प्रश्न सुटला, असं समजणारे फक्त आपल्याच देशात होते असं नाही.

यातून शिकून पुढचे बंकर झाले. फ्लँडर्सच्या चिखलात खंदक खणताच पाणी लागायचं, म्हणून १९१७ च्या सुमारास जर्मनांनी जमिनीवर छोटे चौकोनी काँक्रीटचे ठोकळे उभे केले. इंग्रज सैनिकांनी त्यांना पिलबॉक्स, म्हणजे गोळ्यांची डबी, असं नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत याचं शास्त्र झालं. जर्मनांच्या नेहमीच्या पक्क्या बंकरची भिंत आणि छत दोन-दोन मीटर जाड, आत सळयांची जाळी. छताच्या आतल्या बाजूला पोलादी पत्रा. तो कशासाठी? बाहेर गोळा आदळला की भिंत फुटली नाही तरी हादऱ्याने आतल्या अंगाची खपली उडते, आणि ती खपली गोळीसारखी माणूस मारते. पत्रा त्या खपलीला अडवतो. १९४० साली जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनने काही महिन्यांत सुमारे २८ हजार पिलबॉक्स आणि तत्सम ठाणी बांधली. त्यांतले बरेच षटकोनी होते, आणि आत मधोमध इंग्रजी वाय अक्षरासारखी एक भिंत. एका भोकातून आलेली गोळी आत टप्पे खात सगळ्यांना लागू नये म्हणून. भोकाच्या कडांना पायऱ्या पाडलेल्या, म्हणजे तिरपी गोळी घसरून आत येत नाही. आमच्या जंग्यांचीच ही नात.

पण बंकरची खरी गोष्ट भिंतीत नाही, त्याच्या तोंडात आहे. अडाणी बंकर समोर तोंड करून बसतो. शहाणा बंकर शत्रूकडे जाड, आंधळी भिंत करतो आणि गोळी बाजूला मारतो. समोरून चालून येणाऱ्या रांगेला शेजारचा बंकर आडवा कापतो आणि याच्यावर येणाऱ्यांना हा कापतो. एक दुसऱ्याचं रक्षण करतो. स्वतःच्या पुढ्यातलं रक्षण स्वतः करायचंच नाही, ते शेजाऱ्यावर सोपवायचं. त्यासाठी शेजाऱ्यावर पूर्ण विश्वास लागतो. अराकानमध्ये डोनबाइकला १९४३ च्या सुरुवातीला जपान्यांनी सिमेंटशिवाय, नुसत्या ओंडक्यांनी आणि मातीने अशा एकमेकांना सांभाळणाऱ्या ठाण्यांची रचना केली होती, आणि तिच्यापुढे ब्रिटिश-भारतीय फौजेचे हल्ले पुन्हा पुन्हा फसले.

या सगळ्या रचनेच्या मध्यभागी एक वस्तू आहे : मशीनगन. किल्ल्याचा नकाशा जातीने, मानाने, देवळाने, वाड्याने आखला जायचा. बंकरचा नकाशा मशीनगनचं तोंड किती अंशात फिरतं यावरून आखला जातो. खोली किती लांब? तिवई आणि तिच्यामागे बसलेला माणूस मावेल इतकी. सामाजिक दर्जाला त्या गणितात जागाच नाही. आणि नेमक्या याच जागी आपला इतिहास येतो.

१८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जमाती'चं खूळ. ज्यांच्या जोरावर मुंबईची फौज उभी राहिली तेच आता लढाऊ नाहीत असं ठरलं. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट विलायतेपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत गुंडाळली. गरज होती तेव्हा वेसकर, गरज संपली की बाहेर. १९४१ च्या जुलैमध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. ही दुसरी बटालियन ब्रह्मदेशच्या मोहिमेतही गेली.

१९४६ मध्ये या रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट करण्यात आलं. आपल्याकडच्या लेखांत हे वाक्य एका ओळीत उरकलं जातं. मला वाटतं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. विकर्स मशीनगन चालवायला साधारण सहा जणांचा गट लागतो. एक गोळीबार करतो, दुसरा पट्टा भरतो, बाकीचे दारूगोळा, पाणी, अंतर मोजणं सांभाळतात. मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या. नळीभोवती पाण्याचं आवरण, साधारण चार लिटर पाणी बसणारं, आणि सतत गोळीबार केला की ते पाणी उकळतं. वाफ नळीने डब्यात घ्यायची, थंड करायची, परत भरायची. नाहीतर वाफेच्या ढगावरून शत्रूला तुमची जागा कळते. म्हणजे कोन मोजता यायला हवा, अंतराचं कोष्टक वाचता यायला हवं, यंत्र अंधारात उघडून जोडता यायला हवं. ज्यांना शाळेच्या ओट्यावर बसू दिलं नाही, त्यांच्या हातात फौजेतलं हे गणिताचं हत्यार आलं.

आणखी एक. मशीनगन रेजिमेंट एकत्र लढत नाही. तिच्या तुकड्या वाटून दुसऱ्या पलटणींना जोडल्या जातात. एका टेकडीवर राजपूत किंवा डोग्रा पायदळ आणि त्यांच्या बाजूला महार मशीनगन. वर सांगितलं तसं आडवा मारा करून पुढच्या पायदळाला वाचवायचं काम तिचं. फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेऱ्याभोवतीच्या टेकड्यांवर हेच चित्र होतं. दगड, लाकूड, माती, वाळूच्या गोण्या यांची ठाणी. तिथल्या तैनधारवर राजपूत रेजिमेंटचे नाईक जदुनाथ सिंग परमवीर चक्राचे मानकरी ठरले, मरणोत्तर. त्याच नौशेरा भागातल्या लढाईत महार रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळालं. पहिलं नाव शाळेच्या पुस्तकांत आहे. दुसरं आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्या टेकड्यांवर पाण्याचा डबा एकच. त्यातून मशीनगनही प्यायची आणि माणसंही. चवदार तळ्याच्या २० मार्च १९२७ नंतर एकवीस वर्षं झाली नव्हती.

काही मित्र इथे म्हणतील की जातीच्या नावाची पलटण हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण १९४१ ची परिस्थिती पाहा. फौज जातवार भरली जात होती आणि दुसरी कुठली पलटण महारांना घेत नव्हती. ते नाव हाच त्या काळी आत शिरायचा दरवाजा होता. आत शिरल्यावर मात्र रेजिमेंट मोकळी झाली. आज महार रेजिमेंटमध्ये देशभरातले सर्व समाजांचे जवान आहेत. नाव महार, आणि दरवाजा सगळ्यांना उघडा. कुठल्या दुसऱ्या गावकुसाबद्दल असं सांगता येईल?

म्हणून काँक्रीटने जात मोडली, असं म्हणू नका. मीही म्हणत नाही. काँक्रीटला स्वतःची नीती नसते. अटलांटिक भिंत पाहा. नॉर्वेपासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंतचे हजारो बंकर १९४२ नंतर झपाट्याने उभे राहिले, आणि ते उभे करणाऱ्यांत ऑर्गनायझेशन टोट या यंत्रणेने जबरदस्तीने राबवलेले युद्धकैदी आणि मजूर मोठ्या संख्येने होते. इंग्लिश खाडीतल्या जर्सी, गर्नसी, ऑल्डर्नी या बेटांवर सोव्हिएत कैद्यांना उपाशीपोटी काँक्रीट कालवायला लावलं. त्याहून बोलका नकाशा जर्मन शहरांतला. बाँबहल्ल्यापासून बचावाला तिथे प्रचंड बंकर बांधले, आणि पूर्वेकडून धरून आणलेल्या पोलिश आणि सोव्हिएत मजुरांना त्यांत शिरायला बंदी होती. सायरन वाजला की हे लोक उघड्या खंदकात. हात यांचे, भिंत दुसऱ्यांची. वंशाच्या नावाने का होईना, हिटलरनेही दोन मीटर जाडीचं गावकूस बांधून दाखवलं.

युद्धाच्या त्याच वर्षांत इकडे काय चाललं होतं? जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. केंद्राचं सार्वजनिक बांधकाम खातंही मजूर खात्याच्याच अखत्यारीत होतं. १९४३ मध्ये त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात युद्धातील इजांच्या नुकसानभरपाईच्या विम्याचं विधेयक आणलं. युद्धाच्या हल्ल्यात कामगार जखमी झाला किंवा मेला तर भरपाईची जबाबदारी मालकावर, आणि ती बुडू नये म्हणून मालकांना विमा सक्तीचा. बंकर बांधून सगळ्या कामगारांना त्यात बसवणं शक्य नव्हतं. पण भिंतीबाहेर राहिलेल्याच्या अंगावर पडणाऱ्या बाँबची किंमत भिंतीतल्याने मोजायची, हे कायद्यात लिहिता येत होतं, आणि ते लिहिलं गेलं. बाबासाहेबांचं युद्धकार्य म्हटलं की आपण रेजिमेंटचं नाव घेतो. हा कायदा त्याच्याच शेजारी ठेवायला हवा.

आता मुंबईत या. ऑगस्ट २०१६ मध्ये मलबार हिलच्या राजभवनाखाली इंग्रजांच्या काळातला भुयारी बंकर सापडला. तेव्हा राज्यपाल विद्यासागर राव होते. सुमारे दीडशे मीटर लांब, पाच हजार चौरस फूट, तेरा खोल्या. दारांवर अजून पाट्या : तोफगोळ्यांचं कोठार, काडतुसांचं कोठार, गोळे वर चढवायची लिफ्ट, पंप, कारखाना. सांडपाण्याची सोय, हवा आत यायला वाटा. लिएजच्या चुका इथल्या आखणाऱ्याने केलेल्या नाहीत. खोलीखोलीचं काम दारावर लिहून ठेवणाऱ्या इंग्रजाने हे भुयार कोणी खणलं, डोक्यावरून घमेली कोणी वाहिली, ते कुठेही लिहून ठेवलेलं नाही. जून २०२२ मध्ये तिथे क्रांतिकारकांचं दालन उघडलं. वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, सावरकर बंधू, मादाम कामा, १९४६ चा नौदलाचा उठाव. असो. ज्या खोलीत तोफगोळे ठेवत तिथे कोणाचे पुतळे ठेवायचे हे ज्याच्या हातात किल्ली तो ठरवतो. पण भुयार खणणाऱ्यांसाठी एक पाटी लावायला कोणत्याही विचारसरणीची अडचण यायला नको.

किल्ल्यांची वेळ मात्र अजून गेलेली नाही. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले, आणि तमिळनाडूतलं जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. आता तिथे नकाशे लागतील, फलक लागतील, वाटाड्यांना प्रशिक्षण मिळेल. त्या नकाशांची हद्द कुठे संपते ते तपासा. तटापाशी संपली तर मेट बाहेर राहिले, म्हणजे लष्करी स्थापत्याचा निम्मा भाग बाहेर राहिला. ग्रँट डफला १८२६ मध्ये दिसलेले महार आणि रामोशी २०२५ च्या फलकावर दिसत नसतील, तर त्या फलकाबद्दल पुरातत्त्व खात्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. शिबंदीबद्दलचा मजकूर कोणत्या कागदावरून घेतला, घेऱ्यातल्या मेटांचं सर्वेक्षण झालं का, झालं असेल तर त्याची प्रत. एवढे तीन प्रश्न पुरेत.

दुसरं काम त्याहून सोपं आहे आणि ते गावातच करायचं आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हापासूनची लढाई १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्यापर्यंत चालली. वतन गेलं, वेसकर गेला, आणि बहुतेक गावांतून वेसही गेली. रस्ता रुंद करताना पाडली, नाहीतर दगड घरांच्या पायात गेले. पण खानदेशात अजून काही गावांना दरवाजा उभा आहे. आत शिरताना दोन्ही अंगांना देवड्या असतात, पहारेकऱ्यांना बसायच्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : वेसकर देवडीत बसायचा की दरवाजाच्या बाहेर? पाऊस आला की कुठे उभा राहायचा? रात्री वेस लावल्यावर तो कोणत्या बाजूला असायचा? उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, सांगणाऱ्याचं वय आणि गाव लिहा, दरवाजाचा फोटो आतून एक आणि बाहेरून एक काढा. ही आठवण असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

जयभीम!